रोज हजाराचं टार्गेट पोराचं की बापाचं?

दारव्हा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय, आधी थोडक्यात सांगतो. पोरगा बीएस्सी दुसऱ्या वर्षाला, विषय गणित आणि स्टॅटिस्टिक्स. वडिलांनी सोयाबीनच्या पैशातले ८० हजार एका फॉरेक्स (परकीय चलनाच्या सौद्यांच्या) ॲपमध्ये टाकून दिले, आणि पोरगा मोबाईलवर युरो-डॉलरचा पंधरा मिनिटांचा चार्ट लावून ट्रेड घेतो, ९ आणि २१ च्या मूव्हिंग ॲव्हरेजचा (मागच्या भावांच्या सरासरीच्या दोन रेषांचा) क्रॉसओव्हर, म्हणजे एका रेषेने दुसरीला कापलं की सौदा, सोबत आरएसआय हा भावाचा जोर दाखवणारा आकडा, स्टॉप लॉस (इतका तोटा झाला की सौदा आपोआप बंद) १५ पिप, टार्गेट ३० पिप. पिप म्हणजे भावाची हालचाल मोजायचं छोटं माप. आता खात्यात ५२ हजार उरलेत. वडील लिहितात, "प्लॅन चांगला हाये पण पोरगं भेते, थोडा नफा दिसला का सौदा काटून टाकते. नागपूरले एक टेक्निकल ॲनालिसिसचा क्लास हाये, ४५ हजार फी, टाकू का? अन् याची भीती कशी काढावं?"

भाऊ, तुमच्या घरात एकाच माणसाला भीती वाटतेय आणि तुम्ही नेमकी तीच काढायला निघालात.

पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की रोज जेवताना तुम्ही विचारता, "आज किती निघाले?" आणि दिवसाला हजार निघालेच पाहिजेत असं ठरलंय. कोणी ठरवलं? पोराने ठरवल्याचं मला पत्रात कुठे दिसलं नाही. ८० हजारावर रोज हजार म्हणजे सव्वा टक्का, पाच दिवसात सव्वासहा टक्के, बँकेची एफडी वर्षभरात जेवढं देते जवळपास तेवढं तुम्ही वीस वर्षाच्या पोराकडून आठवड्यात मागताय. आणि विचारताय कधी, तर रात्रीच्या जेवणाला, म्हणजे लंडन आणि न्यूयॉर्क दोन्हीकडचे सौदे चालू असतात आणि युरो-डॉलर सगळ्यात जास्त उड्या मारतो त्या वेळेला, त्याचा ट्रेड मोबाईलवर उघडा आणि समोर बाप ताट घेऊन बसलेला. तूर पेरल्यावर रोज वावरात जाऊन आज किती शेंगा लागल्या असं विचारता का तुम्ही?

आता हिशोब बघा, पोराला गणित येतं म्हणून त्यालाही दाखवा. १५ चा स्टॉप आणि ३० चं टार्गेट असेल तर कागदावर शंभरातले ३४ ट्रेड बरोबर आले तरी भागतं. स्प्रेडचे, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावातल्या फरकाचे, २ पिप दर ट्रेडला जातात असं धरा, मग जिंकलं की २८ आणि हरलं की १७, म्हणजे ३८ बरोबर यायला पाहिजेत. पण तो तुमच्या प्रश्नाला उत्तर पाहिजे म्हणून १० पिपवरच नफा काटून घेतो, हातात ८ पडतात आणि हरल्यावर मात्र पूर्ण १७ जातात. आता त्याला शंभरातले ६८ बरोबर आणावे लागतील. कोणता क्लास हे शिकवणार आहे? प्लॅन तुमच्या रोजच्या हजाराने मोडलाय, त्याच्या भित्रेपणाने नाही. आणि न मोडता चालवला असता तरी तो क्रॉसओव्हर ३८ वेळा बरोबर येतोच याची खात्री कोणी दिलेली नाही, बाजार आडवा चालतो तेव्हा हे ॲव्हरेज एकमेकांना सारखे कापत बसतात आणि प्रत्येक वेळी स्टॉप उडतो.

एक मोठा गैरसमज मात्र काढायलाच पाहिजे. तुम्ही लिहिलंय की ॲप प्ले स्टोअरवर आहे, पैसे यूपीआयने गेले, म्हणजे कायदेशीरच आहे. नाही भाऊ. आपल्याकडे परकीय चलनाचे व्यवहार फेमा कायद्याखाली येतात, आणि सौदे रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या संस्थांकडे किंवा एनएसई, बीएसई सारख्या एक्स्चेंजवरच करता येतात. अशा विनापरवाना ॲप आणि साईटची अलर्ट लिस्ट रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून काढलीय, आणि बँकेनेच सांगितलंय की यादीत नाव नाही म्हणजे मान्यता आहे असं समजू नका. असा व्यवहार करणाऱ्यावरही फेमाखाली कारवाई होऊ शकते, म्हणजे तुमच्या पोरावर. शिवाय यूपीआयने पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात जातात, तिथून सायबरची तक्रार निघाली की साखळीतली खाती फ्रीझ होतात, आणि तुमचं खातं पीक कर्जाचं असेल तर काय होईल ते मी सांगायला नको. मग एक्स्चेंजवर करू म्हणाल तर तिथेही २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलंय की चलनाचा सौदा घ्यायला मुळात परकीय चलनाची खरी जोखीम असली पाहिजे, म्हणजे आयात, निर्यात, डॉलरमधली देणी-घेणी असं काहीतरी. नुसता चार्ट बघून सट्टा करायला तो बाजार नाही. थोडक्यात, ज्या धंद्याचा ४५ हजाराचा क्लास लावताय तो धंदा तुमच्या पोराला इथे बसून कायदेशीरपणे करताच येत नाही.

शेअरच्या एफ अँड ओकडे (फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या भावावरचे सौदे) वळाल म्हणून तेही सांगतो, तो कायदेशीर आहे आणि तरी सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के लोकांनी पैसे घालवले.

आता पत्रातली शेवटची ओळ, "पोरगं एमएस्सी स्टॅटिस्टिक्स करतो म्हणते पण त्यात काय हाये." अहो, जे तुम्ही क्लासला विचारायला निघालात ते सगळं त्यात आहे. क्रॉसओव्हर चालतो की नाही हा स्टॅटिस्टिक्सचाच प्रश्न आहे, जुना डेटा घ्यायचा, एक्सेल किंवा पायथनमध्ये नियम लावायचा, स्प्रेड वजा करायचा आणि काय उरतं ते बघायचं, एक रुपया लागत नाही. त्याला चार्टची खरंच आवड असेल तर हे उन्हाळ्याच्या सुट्टीत करू द्या. अमरावती किंवा नागपूरला एमएस्सी, जमलं तर आयआयटीत एमएस्सीला जायची जॅम परीक्षा, पुढे यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस नाहीतर डेटा ॲनालिस्ट, रस्ते आहेत. चलनातच राहायचं असेल तर बँकेच्या ट्रेझरीत डीलर असतात, पगारावर, बँकेच्या पैशाने, तोट्याची लिमिट ठरवून.

आज करायचं एवढंच, ५२ हजार काढायची रिक्वेस्ट टाका आणि सगळ्या व्यवहारांचे स्क्रीनशॉट ठेवा. पैसे काढायला आधी टॅक्स भरा, चार्ज भरा असं म्हणाले तर एक पैसा भरू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा. गेलेले २८ हजार पोराच्या नावावर उधारी म्हणून लिहू नका, ॲपमध्ये पैसे तुम्ही टाकले होते. क्लासला नाही म्हणून कळवा.

आणि पुढचं पत्र पोराला लिहू द्या, तुम्ही वाचून न बघता.