डीएनएवरून प्रजातींचे नाते कसे ठरवतात? केवळ रूपावरून ठरवले तर काय बिघडते?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. रूपावर विसंबल्यामुळे दिंडोरी तालुक्यातील आमच्या दीड एकर द्राक्षबागेचा हंगाम गेला.

2019 साली परतीचा पाऊस दिवाळी उलटली तरी थांबला नव्हता आणि ऑक्टोबर छाटणीची बाग फुलोऱ्यात होती. पानांवर तेलकट पिवळे डाग उमटले. पान उलटले की डागाच्या नेमक्या मागे पांढरी लव दिसे. माझे थोरले चुलते, तात्या, पाहताक्षणी म्हणाले, "बुरशी आहे, आणि बुरशीचे औषध घरात आहे." ते भुरी या द्राक्षावरच्या दुसऱ्या रोगासाठी आणलेले हेक्झाकोनॅझोल होते. ही डाऊनी (केवडा रोग) आहे आणि डाऊनी मुळात बुरशीच नव्हे, असे मी म्हणालो, तेव्हा तात्या बांधावर बसून हसले. दोन फवारण्या झाल्या. घड तपकिरी पडून वाळले.

डाऊनी तंतूंनी वाढते, बीजाणू सोडते, म्हणून ती दीर्घकाळ बुरशीतच गणली गेली. रायबोसोम म्हणजे पेशीतील प्रथिने बनवणारी यंत्रणा; तिच्या आरएनएचे जनुक प्रत्येक सजीवात असते आणि त्याचा बराचसा भाग फार सावकाश बदलतो. 1980च्या दशकात निरनिराळ्या जीवांतील या जनुकातील डीएनएच्या अक्षरांचे क्रम अक्षराखाली अक्षर लावून ताडले गेले, तेव्हा डाऊनीच्या गटाचे फरक खऱ्या बुरशींशी जास्त आणि सोनेरी-तपकिरी शैवालांशी कमी निघाले. ज्यांच्यात फरक कमी, त्यांचा समान पूर्वज अलीकडचा, हा अशा वंशवृक्षांचा पाया आहे. भुरी मात्र खरी बुरशी, यीस्टच्या गोतावळ्यातली. हेक्झाकोनॅझोल बुरशीच्या पेशीपटलाला लागणाऱ्या एर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखते. डाऊनी ते तयारच करत नाही, मग औषधाने रोखायचे काय? तेव्हा दुकानदाराने "बुरशीनाशक" म्हणून पुढे केलेली बाटली घेण्यापूर्वी ती कोणत्या गटावर चालते, हे विचारावे. घरातील वडीलधाऱ्यांनाही विचारावे.

अर्थात, एका जनुकाचा वृक्ष हा प्रजातींचा वृक्ष असतोच असे नाही. एकाच जागी दोनदा बदल झाला तर मोजणीत तो एकदाच दिसतो, म्हणून नुसते फरक न मोजता संख्याशास्त्रीय प्रारूपे वापरतात आणि अनेक जनुके ताडतात. शिवाय डाऊनीच्या गटातील काही जीवांनी खऱ्या बुरशींकडून थोडी जनुके उचललेलीही आहेत. तेवढीच घेऊन वृक्ष काढला, तर तात्याच बरोबर ठरतील. हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.