त्वचा पाच वर्षं टिकते, मग किडनी का नाही?

तुमचा प्रश्न: इंदूरला आजींचं त्वचादान झालं, ती त्वचा पाच वर्षं टिकते म्हणे, मग किडनीसाठी ग्रीन कॉरिडॉर (रुग्णवाहिकेसाठी मोकळा केलेला रस्ता) करून एवढी धावपळ कशाला, गोठवून का ठेवत नाहीत?

कारण त्या पाच वर्षांत त्वचा जिवंत नसते. मांडी-पाठीवरून घेतलेले पातळ पापुद्रे ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये बुडवून ४ ते ८ अंशांवर ठेवतात. पाणी निघून जातं, पेशी मरतात, पण खालची जाळी शाबूत राहते. भाजलेल्या माणसाच्या जखमेवर ती काही आठवडे झाकण म्हणून बसते, जंतू अडवते, पाणी जाऊ देत नाही, मग गळून पडते. रक्तगटही जुळवावा लागत नाही. आजींचं हे दान फार मोलाचं आहे, घरच्यांना जरूर सांगा.

किडनी मात्र जिवंतच हवी. साधारण ४ अंशांवर ती जेमतेम दीड दिवस तग धरते. हृदय तर चार ते सहा तासच. गोठवलं की बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. सुट्या पेशी डीएमएसओ हे बर्फाचे स्फटिक रोखणारं रसायन घालून मिनिटाला १ अंश या गतीने थंड करतात, मग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये त्या वर्षानुवर्षं राहतात. अख्ख्या अवयवाचं तसं होत नाही: गरम करताना बाहेरचा भाग पुढे जातो, आतला मागे राहतो आणि तडे जातात.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात उंदराची किडनी १०० दिवसांपर्यंत स्फटिक न होऊ देता गोठवून ठेवली, लोहाच्या अतिसूक्ष्म कणांनी सगळीकडून एकदम गरम करून पुन्हा बसवली, आणि ती चालली! माणसाची किडनी कितीतरी पटींनी मोठी, तिथे घोडं अडलंय.