लाकडावर चालणाऱ्या बॉयलरचा काळा धूर भट्टी सुधारून थांबतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सायझिंगचा (सुताला खळ लावून वाळवायच्या कारखान्याचा) २ टनी, म्हणजे तासाला दोन टन वाफ देणारा बॉयलर आहे, लाकडावर चालतो. चिमणीतून काळा धूर येतो, शेजारचे तक्रार करतात, लाकूडही पूर्वीपेक्षा जास्त लागतंय. एक विक्रेता स्क्रबर (धूर पाण्याने धुणारं यंत्र) बसवा म्हणतो, दुसरा नवा बॉयलरच घ्या म्हणतो. आहे त्या भट्टीत काही करता येईल का?

येईल. मी इचलकरंजीत सायझिंगच्या बॉयलरवर फायरमन (भट्टीत लाकूड घालणारा) म्हणून लागलो, पुढे बॉयलर अटेंडंटची परीक्षा दिली आणि २७ वर्षं भट्टीच्या तोंडाशी काढली. तुमचा बॉयलर मी पाहिलेला नाही, पण लाकडावरच्या शंभरातल्या ऐंशी बॉयलरांचं दुखणं एकच असतं, आणि त्यातलं निम्मं पैसे न खर्चता बरं होतं.

स्क्रबरवाल्याला आठवडाभर थांबवा. वही आणि घड्याळ घेऊन चिमणी दिसेल अशा गच्चीवर तासभर बसा. खाली भट्टीपाशी एका पोराला उभं करा. दार उघडलं की त्याने फोन करायचा, तुम्ही वेळ लिहायची. धूर काळा कधी झाला, करडा कधी झाला, साफ कधी झाला, तेही लिहायचं. काळेपणा मोजायला फ्रान्सच्या रिंगेलमान यांनी १८८८ मध्ये काढलेला पाच नंबरांचा तक्ता आजही चालतो: १ नंबर म्हणजे २० टक्के काळा, ५ म्हणजे काजळीसारखा. तुम्हाला एवढं बारीक नको, काळा-करडा-साफ पुरे.

आमच्याकडे पहिल्या दिवशी वहीत आलं ते असं: १०.०५ ला दार उघडलं, १०.०६ पासून १०.१२ पर्यंत काळाकुट्ट, १०.१५ पर्यंत करडा, मग चिमणी इतकी साफ की बॉयलर बंद आहे असं वाटावं. १०.२५ ला पुन्हा दार. मालक सहा महिने भट्टीला शिव्या घालत होते. वही बघितली तेव्हा कळलं की भट्टी वीस मिनिटांतली दहा मिनिटं चांगली चालते, उरलेली दहा मिनिटं आम्ही ती बिघडवतो.

आता हे का होतं ते बघा. लाकूड जळतं म्हणजे आधी त्याचा वायू होतो. कोरड्या लाकडाच्या वजनातला जवळपास तीन चतुर्थांश भाग तापल्यावर वायू होऊन उडतो आणि शेगडीच्या वर, मोकळ्या जागेत जळतो. निखारा होऊन शेगडीवर जळतो तो उरलेला थोडा भाग. २ टनी बॉयलर पूर्ण लोडवर चालला तर तासाला पाच-सहाशे किलो लाकूड खातो. ते वीस मिनिटांनी एकदा घालायचं तर एका वेळेला पावणेदोनशे किलो आत जातं. एक किलो लाकडाला निदान चार घनमीटर हवा लागते. एवढ्या लाकडाचा वायू पाच-सात मिनिटांत सुटतो, आणि नेमकी तेव्हाच शेगडीखालची हवा त्या नव्या ढिगाने अडवलेली असते. दार उघडं असताना आलेली गार हवा वेगळीच. वायूला हवाही नाही आणि धगही नाही. तो तसाच वर जाऊन ट्यूबांना, म्हणजे बॉयलरचं पाणी तापवणाऱ्या नळ्यांना लागतो. ट्यूबा तुम्हाला गरम वाटतात, पण ७ किलो प्रेशरला आतलं पाणी असतं १७० अंशांवर, आणि हा वायू ६००-७०० अंशांखाली धड जळत नाही. जाळ तिथे विझतो आणि काजळी उरते.

मग दहा मिनिटांनी वायू संपतो, शेगडीवर निखारे तेवढे राहतात, पण फॅन तसाच चालू असतो. आता हवा गरजेपेक्षा दुप्पट होते आणि तापून चिमणीतून निघून जाते. चिमणी साफ दिसते म्हणून फायरमन खूश, पण नुकसान तेव्हाही चालूच असतं.

काळ्या धुरातली काजळी तोलली तर फार भरत नाही. खरा पैसा जातो तो न दिसणाऱ्या वायूत. एक किलो कार्बन पुरता जळला की ८,०८० किलोकॅलरी उष्णता मिळते. तोच अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइडवर थांबला तर सुमारे २,४०० च मिळतात. या वायूला रंग नाही. काळा धूर दिसतो तेव्हा सोबत हाही जातोय, एवढं त्या धुराकडून कळतं. स्क्रबर काजळी धुऊन काढेल, हा वायू त्यातून सरळ निघून जाईल, आणि खाली काळ्या पाण्याची टाकी तुमच्या गळ्यात पडेल ती वेगळीच.

म्हणून पहिली सुधारणा जाळ घालण्यात. थोडं थोडं, वारंवार, आणि अर्ध्या शेगडीवर. पाच मिनिटांनी डावीकडे, पुढच्या पाच मिनिटांनी उजवीकडे. एका बाजूला नवं लाकूड वायू सोडत असतं तेव्हा दुसरी बाजू लालबुंद असते, आणि तिच्या धगीने हा वायू पेटतो. आमच्याकडे गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालणारा माणूस बघितलाय का? तो चिपाड मूठमूठ सारत राहतो, कधी भारा कोंबत नाही. कोंबला तर काहिलीची उकळी बसते आणि गुळव्या अंगावर येतो. त्याला कुणी ज्वलनाचं शास्त्र शिकवलेलं नसतं.

हे सांगितल्यावर आमचा जोडीदार म्हणाला, "मग आम्ही चहा कधी प्यायचा?" प्रश्न बरोबरच होता. दर पाच मिनिटांनी दारापुढे उभं राहणं म्हणजे उन्हाळ्यात जीव नकोसा होतो. मालकांनी पाळीला एक माणूस वाढवला तेव्हाच हे टिकलं. माणूस न वाढवता नुसता हुकूम काढलात तर आठ दिवसांत पुन्हा वीस मिनिटांचा ढीग सुरू होईल, हे लिहून ठेवा.

बरं, ही युक्ती नवी मुळीच नाही. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटने १७८५ मध्ये धूर जाळणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं होतं. नवा कोळसा थेट जाळावर न टाकता पुढच्या बाजूला ठेवायचा, तो तिथे तापून त्याचा वायू मागच्या लाल निखाऱ्यांवरून जाईल असं करायचं, आणि वायू निघून गेल्यावर तो मागे ढकलायचा. मुंबईत गिरण्यांच्या धुरासाठी १९१२ मध्ये धूर-उपद्रवाचा कायदा आला. म्हणजे तुमच्या शेजाऱ्यांची तक्रारही शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे.

दुसरी गोष्ट लाकूड. ओंडका आख्खा घालू नका. मनगटाएवढ्या जाडीचा फोडा आणि शेडखाली रचा, पावसात नको. ओल्या लाकडात ४५-५० टक्के पाणी असतं. टनभर लाकडातलं साडेचारशे किलो पाणी नुसतं उडवायला पावणेतीन लाख किलोकॅलरी लागतात, म्हणजे साठएक किलो कोरडं लाकूड त्यातच खर्ची पडतं. शिवाय काट्यावर पाण्याचेही पैसे दिलेले असतातच. पण त्याहून वाईट म्हणजे भट्टी गार पडते आणि वायू पेटतच नाही. तेव्हाचा धूर काळा नसतो, पिवळसर-करडा आणि डोळ्यांना झोंबणारा असतो. चिमणीबाहेर पडून थोड्या अंतरावर विरून जाणारा पांढरा दिसला तर ती वाफ आहे, तिला घाबरू नका. पैसे वाचवायला प्लास्टिक, रबर, रंगाचे डबे असलं काही भट्टीत टाकत असाल तर ते आजच बंद करा. त्या धुराचा इलाज कुठल्याच भट्टीत नाही.

आता मुख्य सुधारणा: वरची हवा. लाकडाला निम्म्यापर्यंत हवा शेगडीच्या वरून लागू शकते, आणि बहुतेक जुन्या भट्ट्यांत ती सोयच नसते. सगळी हवा खालून मारायची, राख उडवायची, आणि वायूला मात्र हवेवाचून ठेवायचं, असा उलटा कारभार.

आम्ही पहिल्यांदा यात सपशेल आपटलो. वेल्डरला बोलावून बाजूच्या भिंतीतून चार इंची एकच पाइप आत घातला आणि एफडी फॅनच्या (शेगडीखाली हवा मारणाऱ्या पंख्याच्या) डक्टला जोडला. झालं काय, तर भट्टीच्या मधोमध गार हवेचा एक पट्टा पडला, दोन्ही बाजूंना धूर तसाच, आणि प्रेशर दीड किलोने खाली. सायझिंगच्या सिलिंडरवर सूत ओलंच पुढे यायला लागलं आणि मास्तर ओरडत बॉयलर हाऊसमध्ये आला. दोन दिवसांत तो पाइप बुजवला. चूक दुहेरी होती. एकतर शेगडीखालच्या हवेचा दाब कमी असतो, ती वायूत घुसत नाही, नुसती सांडते. दुसरं म्हणजे हवा एका मोठ्या भोकातून देऊन मिसळत नाही. चार्ल्स वाय विल्यम्स नावाचा इंग्लंड-आयर्लंडमधला आगबोटवाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हेच घसा फोडून सांगत होता की हवा पुष्कळ बारीक भोकांतून द्या.

दुसऱ्यांदा वेगळा छोटा, जास्त दाबाचा ब्लोअर घेतला. दोन्ही बाजूंच्या भिंतींत, जाळाच्या थरापासून दीडएक फुटावर, पाऊण इंची नळ्यांची एकेक रांग. समोरासमोरच्या नळ्या एकमेकींच्या तोंडावर ठेवल्या नाहीत, एकीचा झोत दोघींच्या मधे जाईल अशा. नळीचं तोंड विटेच्या आत राहील असं ठेवलं, बाहेर डोकावलं की जळून जातं. ब्लोअरला एक डँपर, म्हणजे हवा कमी-जास्त करायची झडप. लाकूड घातलं की डँपर उघडायचा, तीन-चार मिनिटांनी अर्धा करायचा. किती उघडायचा हे कागदावर ठरत नाही. सावकाश बंद करत जा, चिमणीवर हलकी करडी झाक आली की किंचित मागे घ्या, तिथे खूण करा. पीपहोलमधून (भट्टीत डोकावायच्या भोकातून) बघितलं तर फरक लगेच कळतो: आधीचा जाळ तांबूस, लांबुडका, टोकाला काळा, आणि नंतरचा आखूड, पिवळाधमक, आणि फुरफुर आवाज करणारा.

यासोबत शेगडीच्या मागची ब्रिज वॉल, म्हणजे विटांची आडवी भिंत तपासा. आमची अर्धी ढासळली होती आणि वायू सरळ ट्यूबांकडे पळत होता. फायरब्रिकने ती पुन्हा उभी केली. लाल झालेली वीट वायूला पेटवते आणि वळसा घालायला लावून वेळही देते. विटांच्या भेगा, दाराची वाकडी फ्रेम, राखेचं दार, यांतून शिरणारी फुकटची हवाही बंद करा. मात्र ट्यूब, शेल, फर्नेसची पाण्याची बाजू, म्हणजे प्रेशर धरणाऱ्या कुठल्याही भागाला बाष्पके विभागाच्या परवानगीशिवाय वेल्डिंग रॉडसुद्धा लावू देऊ नका. १९२३ चा जुना कायदा जाऊन २०२५ चा नवा आला, पण ही अट तशीच आहे.

आणखी एक, जिवाशी संबंधित. धूर दिसू नये म्हणून ढीग घालून हवा बंद करणारे महाभाग मी बघितलेत. आत वायू साठतो, मग कुणीतरी दार उघडतो आणि भडका तोंडावर येतो. दार उघडण्याआधी एफडी कमी, आयडी (धूर चिमणीकडे ओढणारा पंखा) चालू, आणि माणूस दाराच्या बाजूला, समोर नाही. माझ्या डाव्या भुवईत आजही केस कमी आहेत, ते यामुळेच.

एवढं झाल्यावर एक दिवस फ्लू गॅस अॅनालायझर (धुरातले वायू मोजायचं यंत्र) भाड्याने आणा. बॉयलरच्या तोंडाशी, आयडी फॅनच्या आधी मोजा. ऑक्सिजन ६ ते ९ टक्क्यांच्या आत असावा. १३-१४ दाखवला तर हवा जास्त आहे किंवा कुठून तरी गळून आत येतेय. कार्बन मोनॉक्साइड हजारो पीपीएममध्ये (दहा लाख भागांत हजारो भाग) असेल तर वरची हवा अजून नीट मिसळत नाही. रोजच्यासाठी चिमणीच्या बुडाशी थर्मामीटर पुरे. ट्यूबा साफ केल्या त्या दिवशीचं तापमान लिहा. ते साधारण २२ अंश वाढलं की एक टक्का लाकूड वाया, हा ढोबळ हिशेब धरा आणि ब्रश काढा. काजळीचा ३ मिलिमीटर थर अडीच टक्के इंधन खातो.

आमच्याकडे किलो लाकडामागे वाफ २.७ किलोवरून ३.२ वर गेली. पाण्याच्या मीटरचा आकडा भागिले लाकडाचं वजन, एवढाच हिशेब. चिमणी पूर्ण साफ कधीच झाली नाही, सकाळी भट्टी पेटवताना वीसएक मिनिटं धूर येतोच. उडणारी राख पकडायला सायक्लोन (धूर गरगर फिरवून राख खाली पाडणारं नळकांडं) लागलाच. पण तो नंतर घेतला, त्यामुळे लहान पुरला. धूर कमी करणारी पावडर मिळते, ती मात्र घेऊ नका. आम्ही दोन पोती जाळली, चिमणीला कळलंसुद्धा नाही.

शेगडीची लांबी-रुंदी, जाळापासून ट्यूबांपर्यंतची उंची, फर्नेस पाण्याच्या भिंतीची की विटांची, आणि गच्चीवरच्या वहीचं एक पान, एवढं इथेच टाका. नळ्या किती आणि कुठे ते मग सांगतो. तोवर ब्लोअर घेऊ नका.