फ्लटरमध्ये नल सेफ्टीनुसार व्हेरिएबल कसे घोषित करावे?

वर्गातील (क्लासमधील) 'स्ट्रिंग' म्हणजे मजकूर प्रकारच्या व्हेरिएबलला मूल्य न दिल्यास डार्टचा, म्हणजे फ्लटरची ॲप्स ज्या भाषेत लिहितात तिचा, कंपायलर त्रुटी का दाखवतो, असा आपला प्रश्न आहे. डार्ट २.१२ पासून (मार्च २०२१) कोणताही साधा प्रकार नल, म्हणजे 'मूल्यच नाही' ही स्थिती, स्वीकारत नाही (हीच नल सेफ्टी), आणि डार्ट ३ मध्ये तर हा नियम बंदच करता येत नाही. म्हणून अशा व्हेरिएबलला घोषणेच्या ओळीतच किंवा कन्स्ट्रक्टरचा (वर्गाची वस्तू तयार करणाऱ्या फंक्शनचा) मुख्य भाग सुरू होण्यापूर्वी, म्हणजे पॅरामीटरमधून अथवा इनिशियलायझर लिस्टमधून (मुख्य भागाआधी लिहिलेल्या मूल्यांच्या यादीतून), मूल्य मिळालेच पाहिजे. मुख्य भागात दिलेले मूल्य कंपायलर ग्राह्य धरत नाही. फंक्शनमधील स्थानिक व्हेरिएबलला मात्र वापरापूर्वी प्रत्येक वाटेवर मूल्य मिळाले, तर तेवढे पुरते.

मूल्य खरोखरच नसू शकत असेल, उदाहरणार्थ वापरकर्त्याने छायाचित्र निवडलेलेच नसेल, तर प्रकाराच्या नावानंतर प्रश्नचिन्ह लावावे (String?) आणि वापरताना नलची तपासणी करावी. सार्वजनिक फील्ड (वर्गातील व्हेरिएबल) तपासल्यावरही कंपायलर त्याला नलमुक्त मानत नाही, म्हणून ते आधी स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्यावे.

'लेट' (late), म्हणजे 'मूल्य नंतर पण वापरापूर्वी देईन' असे सांगणारा शब्द, मी केवळ 'इनिटस्टेट'मध्ये (initState, स्क्रीनचा घटक तयार होताना एकदाच चालणारे फंक्शन) तयार होणाऱ्या कंट्रोलरसारख्या वस्तूंसाठीच सुचवेन, कारण त्यामुळे तपासणी कंपायलरकडून निघून ॲप चालू असतानाच्या वेळेवर जाते, आणि सर्व्हरकडून येणाऱ्या माहितीसाठी तो वापरल्यास माहिती पोहोचण्यापूर्वीच स्क्रीन रेखाटली जाऊन 'लेट इनिशियलायझेशन एरर' येते. त्रुटी घालवण्यासाठी सरसकट उद्गारचिन्ह, म्हणजे 'हे मूल्य नल नाही' असे कंपायलरला सांगणारे चिन्ह, लावणे कृपया टाळावे. मूल्य नल निघाल्यास तिथेच अपवाद फेकला जातो.