वाळूतला तंबू आणि मिठाची कणीक: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

सुट्टीच्या तोंडावर आलेल्या पत्रांतली बरीचशी किनाऱ्यावरच्या पहिल्या मुक्कामाबद्दल आहेत, उरलेली हस्तकलेबद्दल. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मुलं चार आणि आठ वर्षांची आहेत. किनाऱ्यावर तंबूत एक रात्र काढायची आहे, पण रात्री पाणी तंबूत शिरेल अशी धास्ती वाटते. तंबू नेमका कुठे ठोकावा?

धास्ती रास्त आहे. आधी वाळूवरची रेघ शोधा. वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचा चुरा यांची एक वेडीवाकडी रेघ किनाऱ्याला समांतर गेलेली दिसते. भरतीचं पाणी जिथवर पोहोचलं, तिथे ती पडते. अशा दोन-तीन रेघा असतील तर सगळ्यात वरची धरा आणि तिच्याही बऱ्याच वर, कोरड्या भुसभुशीत वाळूत जागा निवडा.

मात्र ही रेघ झालेल्या भरतीची आहे, आज रात्रीच्या नव्हे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढणारी. म्हणजे अष्टमीनंतर पौर्णिमेकडे जाताना पाणी रोज थोडं वर चढत जातं आणि कालची रेघ आज फसवते. उधाणाची सगळ्यात मोठी भरतीही बहुधा अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते. त्यामुळे पहिला मुक्काम अष्टमीच्या आसपास ठेवलेला बरा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. त्या किनाऱ्याचं भरतीचं वेळापत्रक पाहून रात्रीच्या भरतीची वेळ कागदावर लिहून घ्या. त्या वेळी मोठ्यांपैकी एकाने उठून पाणी कुठवर आलंय ते पाहावं. समुद्र खवळलेला असेल तर वेळापत्रकातल्या उंचीवर विसंबू नका. लाटा त्याच्याही वर येतात.

ओढ्याच्या मुखाशी, कड्याच्या पायथ्याशी आणि नारळाच्या झाडाखाली तंबू नको. वाळूच्या टेकड्यांवरचं गवत तुडवू नका, वाळू त्यानेच धरून ठेवलेली असते. किनाऱ्यावर मुक्कामाला परवानगी आहे का, हे निघण्याआधी विचारा. कासवं अंडी घालायला येतात अशा किनाऱ्यावर हंगामात रात्रीचे दिवे नकोतच. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात.

प्रश्न : तंबूसोबत आलेल्या खुंट्या वाळूत टिकतच नाहीत. वाऱ्याची एक झुळूक आली की निघतात. जड खुंट्या घ्याव्यात का?

नकोत. बारीक खुंटी मातीत घट्ट बसते कारण माती तिला आवळून धरते. कोरडी वाळू नुसती बाजूला सरकते. वाळूत पकड हवी तर रुंद वस्तू आडवी पुरायला हवी.

त्यासाठी प्रत्येक दोरीला एक कापडी पिशवी घ्या. ती वाळूने भरा, साधारण पाच किलो. तोंड बांधून तिथेच दोरी घट्ट आवळा. 30 ते 40 सेंटिमीटर खोल खड्डा खणून पिशवी त्यात ठेवा. आता महत्त्वाचं : खड्ड्यापासून तंबूच्या दिशेने एक अरुंद चर खणा आणि दोरी त्यातून तिरकी बाहेर काढा. चर नसेल तर दोरी खड्ड्याच्या काठावरून सरळ वर येते, वाऱ्याचा ओढ वरच्या दिशेने लागतो आणि पिशवी हळूहळू उपटून निघते. खड्डा बुजवताना थोडी वाळू, थोडं पाणी असं घालत पायाने दाबत जा. ओली वाळू कितीतरी घट्ट धरते.

पिशवी नसेल तर हातभर लांबीची जाड काठी आडवी पुरा. दोरी काठीच्या मधोमध बांधा, आणि काठी दोरीशी काटकोनात असू द्या. सोबतच्या खुंट्याही अशाच आडव्या पुरता येतात, पण वारा मंद असेल तरच.

दुसरी गोष्ट वाऱ्याच्या दिशेची. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते आणि वारा उलटून जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहू लागतो. संध्याकाळी फक्त समुद्राकडची बाजू ताणून बांधणारे पहाटे फडफडत्या कापडाने जागे होतात ते यामुळेच. चारही कोपरे सारखेच बांधा. तंबूची अरुंद, बुटकी बाजू वाऱ्याकडे ठेवा. दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा, नाहीतर अंधारात मुलं हमखास अडखळतात. वादळी वाऱ्याचा इशारा असेल तर तंबू बांधूच नका.

प्रश्न : वाळू अंथरुणात येते, चेन अडकते, आणि सकाळी तंबू आतून ओला! पाऊसही नव्हता.

ते पाणी तुमच्याच श्वासातलं. चौघांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमते. गारवा नको म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या की ती आणखी जमते. वरची जाळी आणि समोरासमोरच्या दोन फटी रात्रभर उघड्या ठेवा, अंथरूण कापडाला टेकू देऊ नका.

वाळूसाठी दारात एक चटई आणि एक उथळ टब पाणी हवं. पाय टबात बुडवायचे, चटईवर पुसायचे, मग आत. हे काम धाकट्याला पहारेकरी म्हणून द्या. तो कोणालाही सोडत नाही! अंगाला चिकटलेली ओली वाळू घासू नका, कातडी सोलवटते. त्यावर कॉर्नफ्लॉवर भुरभुरा, ओल शोषली गेली की वाळू हाताने झटकून पडते. चेन अडकली तर ओढू नका. जुन्या टूथब्रशने दाते झाडा आणि मगच सरकवा.

तंबू ठोकण्याआधी खालची वाळू एका फळीने सपाट करून घ्या. पायाने पडलेले उंचवटे अंगाखाली दगडासारखे टोचतात, आणि तंबू उभा राहिल्यावर ते मोडता येत नाहीत. घरी परतल्यावर चेन, खांबांचे सांधे आणि कापड गोड्या पाण्याने धुवा. राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि धातू गंजतो. पूर्ण वाळल्याशिवाय तंबू गुंडाळला तर बुरशी ठरलेलीच.

प्रश्न : शेकोटी वाळूने विझवली तर चालेल ना?

नाही. वाळूखाली निखारे तासन्‌तास धगधगत राहतात. वरून काहीच दिसत नाही आणि सकाळी अनवाणी मूल नेमकं तिथे पाय देतं. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता. हात वर धरून ऊब लागत नाही तोवर हेच. कोळसा किंवा शेगडी थंडीसाठी तंबूच्या आत नेणं तर सक्त मना. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस दगावतो.

प्रश्न : वाळूचा किल्ला बादली उचलली की ढासळतो. वाळू खराब आहे का?

बहुतेक वेळा वाळू नव्हे, पाण्याचं प्रमाण चुकतं. कणांच्या मधल्या पाण्याच्या पातळ पडद्यामुळे ओली वाळू एकमेकींना धरते. कोरड्या वाळूत पडदाच नाही. फार ओल्या वाळूत कणांमधल्या सगळ्या जागा पाण्याने भरतात, ओढ संपते आणि वाळू वाहू लागते. आठ वाट्या कोरड्या वाळूला एक वाटी पाणी, इथून सुरुवात करा. मुठीत दाबलेला गोळा हात उघडल्यावर अखंड राहिला आणि त्यातून पाणी निथळलं नाही, की प्रमाण जमलं. बारीक, कंगोरे असलेले कण उत्तम. गोल, जाड कणांची वाळू कशीही भिजवली तरी रुसते.

बादली एकदम भरू नका. चार बोटं वाळू, मुठीने ठोका, पुन्हा चार बोटं. उलटी केल्यावर बुडावर थापट्या मारा आणि किंचित फिरवत सरळ वर उचला. कोरीव काम वरून खाली करत यावं, म्हणजे पडलेली वाळू तयार भागावर साचत नाही.

आणि एक नियम, यात तडजोड नाही : खड्डा सगळ्यात बुटक्या मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको, आणि बोगदा तर मुळीच नको. कोरडी होत जाणारी वाळू सूचना न देता कोसळते आणि गाडलेल्या माणसाला हातांनी उकरून काढायला वेळ पुरत नाही. निघताना खड्डे बुजवा.

प्रश्न : पाऊलखुणेचा प्लास्टरचा ठसा करायचा आहे. मागच्या वेळी प्लास्टर गुठळ्यांचं झालं आणि कडा तुटल्या.

दोन चुका दिसतात : पाणी प्लास्टरमध्ये ओतलं आणि थर पातळ पडला. क्रम उलटा हवा. भांड्यात एक वाटी गोडं पाणी घ्या आणि त्यावर दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिस मुठीने भुरभुरत टाका. मिनिटभर भिजू द्या, मग सावकाश ढवळा. फेटलंत तर बुडबुडे होतात आणि ते लवकर आवळतं. पातळ दह्याइतकं झालं की पुरे. जुनं, ओल लागलेलं प्लास्टर असेल तर कितीही नीट ढवळलं तरी गुठळ्या राहतात.

ठसा दमट, दाबलेल्या वाळूत घ्या. भोवती वाळूचीच तीन सेंटिमीटर उंच भिंत करा. मिश्रण थेट ओतू नका, उलट्या धरलेल्या चमच्यावरून सोडा, नाहीतर धारेने बोटांच्या खुणा वाहून जातात. थर निदान दोन सेंटिमीटर हवा. टांगायचं असेल तर ओलं असतानाच तारेचा फासा अर्धा आत रुतवा. प्लास्टर आवळताना गरम होतं. ते पुन्हा थंड होईपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास, थांबा. मग कडेची वाळू उकरून खालून हात घालून उचला. एक-दोन दिवसांनी ब्रशने वाळू झाडा. थोडी चिकटून राहते, ती राहू द्या, छान दिसते.

पाऊलखूण ठशात खोलगट न येता फुगीर येते, हे मुलांना आधीच सांगा. नावही कोरायचं तर वाळूत उलटी अक्षरं लिहावी लागतात. शिंपले लावायचे तर चांगली बाजू वाळूकडे, कारण तळ तो दर्शनी भाग होतो. समुद्राचं पाणी वापरू नका : प्लास्टर घाईने आवळतं आणि नंतर पृष्ठभागावर मिठाची पांढरी भुकटी येते.

थेट हाताचा साचा म्हणून हात प्लास्टरमध्ये बुडवू देऊ नका. आवळणाऱ्या प्लास्टरच्या उष्णतेने गंभीर भाजतं आणि हात निघतही नाही. कोरडी पूड ओतण्याचं काम मोठ्यांचं. उरलेलं मोरीत ओतू नका, भांड्यातच घट्ट होऊ द्या आणि कचऱ्यात टाका.

प्रश्न : मिठाच्या कणकेच्या वस्तू वाळताना तडकतात. प्रमाण सांगाल का?

दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी. पाणी एकदम ओतू नका. गोळा हाताला चिकटेनासा झाला की थांबा आणि आठ-दहा मिनिटं मळा. जाड मीठ वापरलं तर पृष्ठभाग खरखरीत राहतो.

तडे प्रमाणामुळे फार क्वचित जातात. बाहेरचा थर आधी वाळून आकसतो, आतला ओला तसाच राहतो, आणि वरचा फाटतो. म्हणून जाडी अर्धा सेंटिमीटरच्या आसपास ठेवा आणि घाई करू नका. ओव्हन 100 अंश सेल्सिअसवर दोन-तीन तास, मध्ये एकदा उलटून. वर फोड आले तर ओव्हन जास्त तापलाय. ओव्हन नसेल तर जाळीवर सावलीत दोन-चार दिवस, रोज पालटत. रणरणत्या उन्हात ठेवलं की पुन्हा तेच तडे.

दमट हवेत मीठ ओल ओढतं आणि वस्तू मऊ पडते. रंग सुकल्यावर दोन्ही बाजूंना वॉर्निश द्या. आत ओल असताना वॉर्निश दिलंत तर आतून बुरशी येईल. पाण्यासारखा पातळ रंगही नको, तो मीठ विरघळवतो. ही कणीक लहान मुलाच्या किंवा कुत्र्याच्या पोटात जाऊ देऊ नका, इतकं मीठ त्यांना घातक ठरू शकतं.

प्रश्न : गोळा केलेले शिंपले घरी आणल्यावर कुबट वास मारतात. व्हिनेगरमध्ये उकळावेत का?

व्हिनेगर नको. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आम्ल तो खातं आणि चमक जाते. वास येतो तो शंखाच्या आतल्या वळणात वाळून राहिलेल्या मांसाचा. पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, मग साबणाच्या पाण्यात ब्रशने घासून सावलीत वाळवा. आधी किनाऱ्यावरच शंख समुद्राच्या पाण्याच्या डबक्यात काही मिनिटं ठेवून बघा. आत खेकडा राहत असेल तर तो हळूच पाय बाहेर काढतो. असा शंख जिथल्या तिथे ठेवायचा. काही किनाऱ्यांवर शिंपले नेण्यालाच मनाई असते.

चौकटीवर चिकटवताना खोलगट शिंपला फक्त कडेवर टेकतो आणि दोन दिवसांत गळून पडतो. पोकळीत पांढऱ्या गममध्ये भिजवलेला कापूस भरा, म्हणजे चिकटायला मोठी जागा मिळते. मग चौकट आडवी ठेवून रात्रभर हलवू नका.