टेकडीवरचा वेताळ, पुस्तकातला वेताळ

प्रश्न : रोज सकाळी वेताळ टेकडी चढतो. परवा देवळापाशी टेकलो होतो, तेव्हा मित्र म्हणाला, लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समध्ये वाचायचो तो वेताळ हाच. मी म्हटलं, छे, तो अमेरिकेचा. मिसळीची पैज लागली आहे. निकाल द्या.
– एक निवृत्त वाचक, कोथरूड

उत्तर : मिसळ तुम्ही जिंकलात, पण एक पाव मित्राला द्यावा लागेल.

पुस्तकातला वेताळ म्हणजे फँटम. ली फॉकनं तो लिहिला, रे मूरनं काढला आणि १७ फेब्रुवारी १९३६ पासून तो अमेरिकी वर्तमानपत्रांत रोज एक पट्टी असा येऊ लागला. सुपरमॅन त्याच्यानंतर दोन वर्षांनी आला. अंगाला चिकटलेला पोशाख, मुखवटा आणि त्यामागे बुबुळं नसलेले डोळे हे सगळं वेताळानं आधीच घालून ठेवलं होतं.

आणि जंगल? ते फॉकच्या डोक्यात सुरुवातीला नव्हतंच. जिमी वेल्स नावाचा शहरातला श्रीमंत, रिकामटेकडा तरुणच मुखवटा चढवून फिरतो, असा बेत होता. पहिली गोष्ट रोज छापून येत असतानाच फॉकनं तो बदलला, नायकाला उचलून जंगलात नेलं आणि बिचारा जिमी गोष्टीत तसाच लोंबकळत राहिला. वेताळाच्या घराण्याची कुळकथा, म्हणजे १५३६ साल, चाच्यांचा हल्ला, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर घेतलेली शपथ, बापामागून मुलगा अशा एकवीस पिढ्या, हे सगळं त्यानंतरचं. नदीचं मूळ अन् ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. कॉमिकवाल्यांचं मात्र विचारावं. बहुतेक वेळा मूळ मागाहून लिहिलेलं सापडतं.

ती शपथ मीही घेतली आहे. नारायण पेठेतल्या वाड्यात कवटी कुठून आणायची? नारळाच्या करवंटीवर हात ठेवला आणि लोभ, क्रौर्य, अन्याय यांचा नायनाट करायचं ठरवलं. संध्याकाळी आईनं करवंटी बंबात घातली.

आता मित्राचा पाव. मार्च १९६४ मध्ये इंद्रजालचा पहिला अंक निघाला तो फँटमचाच, आणि आपल्याकडे त्याचं नाव झालं वेताळ. नाव सुचवणारा हुशार असणार. नुसतं ‘भूत’ म्हणून भागलं असतं. पण आपला वेताळ भुतांचा राजा, शेंदूर माखून वेशीवर बसणारा, गावाची राखण करणारा. भाषांतर करणाऱ्यानं शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून त्याचा हुद्दा पाहिला! मूळ गोष्टीतलं जंगल बंगालच्या नावाचं होतं, ते इथे डेंकाली झालं. चाचे होते ‘सिंग’, ते झाले ‘सिंगा’. एकविसाव्या वेताळाच्या बापाचा खुनी ‘रामा’ होता, त्याला ‘रामालू’ केलं. उगाच कोणाच्या भावना कशाला दुखवा! तेव्हा तुम्ही दोघांनी वाचलेला वेताळ अमेरिकेत जन्मला खरा, पण त्याचं बारसं इथेच झालं.

प्रश्न : माझा मुलगा म्हणतो स्पायडरमॅन म्हणजे पीटर पार्कर. नातू म्हणतो माइल्स मोरालेस. जेवताना रोज वाद. खरा कोण?
– एक आजी, सहकारनगर

उत्तर : आजी, दोघेही खरे. दोघांनाही वाढा.

पीटर १९६२ सालचा, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा. माइल्स २०११ सालचा, ब्रायन मायकल बेंडिस आणि सारा पिकेली यांचा. त्याचे वडील कृष्णवर्णीय अमेरिकन, आई पोर्तो रिकोची. एका वेगळ्या, समांतर जगातला पीटर मेला आणि तिथे माइल्सनं जाळं हाती घेतलं. पुढे ते जग गुंडाळलं गेलं, तरी माइल्सला मुख्य जगात आणलं. आता दोघेही नांदतात.

ही युक्ती जुनी आहे. वाऱ्याच्या वेगानं धावणारा नायक फ्लॅश पहिल्यांदा आला १९४० मध्ये. महायुद्धानंतर अशा नायकांचा खप घसरला, अंक बंद पडले. १९५६ मध्ये त्याच नावाचा नवाकोरा माणूस आणला, बॅरी ॲलन. हा बॅरी लहानपणी जुन्या फ्लॅशची कॉमिक्स वाचायचा, म्हणून त्यानं ते नाव घेतलं! १९६१ मध्ये दोघांची गाठ घालून दिली आणि सांगितलं, पृथ्व्याच दोन आहेत. पुढे पृथ्व्या इतक्या वाढल्या की १९८५ मध्ये प्रकाशकांनी आपल्या वाड्यांचं झालं तेच केलं: सगळं पाडून एकच इमारत. त्या पाडापाडीत बॅरी गेला. तोही नंतर परत आला, म्हणा.

मला स्वतःला पाडण्यापेक्षा ठिगळ आवडतं. कॅप्टन अमेरिकाचंच पाहा. १९४१ मध्ये पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा मारताना दिसतो, आणि अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. १९५४ च्या सुमारास त्याला कम्युनिस्टांशी लढायला परत आणलं, ते चाललं नाही. १९६४ मध्ये सांगितलं, तो युद्धाच्या शेवटापासून बर्फात गोठून पडला होता, आता सापडला. ठीक. पण मग मधल्या काळात लढला तो कोण? आठ वर्षं कोणी बोललं नाही. १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्ट या लेखकानं तो धागा उचलला: तो दुसराच माणूस होता, कॅप्टनच्या वेडानं त्याचा चेहरा आणि नाव घेतलेला, आणि पुढे डोकं फिरलेला. आपल्याच घरातली जुनी चूक घेऊन त्यानं तिचा खलनायक केला. असली गोधडी शिवायला हात लागतो.

नातवाला विचारा, माइल्सला पीटर पार्कर माहीत आहे का? तो ‘हो’ म्हणेल. मग मुलाकडे बघा.

प्रश्न : हल्क हिरवाच का?
– इयत्ता सहावी, बिबवेवाडी

उत्तर : १९६२ च्या पहिल्या अंकात तो राखाडी होता. छापखान्यात तो रंग नीट येईना, एका पानावर फिका, दुसऱ्यावर काळपट. दुसऱ्या अंकापासून हिरवा केला. पुढे बऱ्याच वर्षांनी एका लेखकानं राखाडी हल्कलाही परत आणलं, वेगळ्या स्वभावाचा आणि जरा जास्त डोकेबाज. तुझ्या चित्राच्या वहीत रंग चुकला तर बाईंना हे सांगून बघ.