काळी खिडकी: मतदान संपून गेल्यावर कळतं, काय करू?

(टर्मिनलवरच्या अडचणींचं सदर. मासिकाच्या रीतीप्रमाणे कमांडही देवनागरीत छापतोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा. मागच्या वेळी एकाने खरंच देवनागरीत टाकली होती, म्हणून सांगतेय.)

प्र. ताई, कॉसमॉस हब या ब्लॉकचेनवर तिचे टोकन, म्हणजे थोडे अ‍ॅटम स्टेक करून (तारण म्हणून अडकवून) ठेवलेत. मागच्या महिन्यात एक प्रपोजल आलं आणि मला कळलं तेव्हा मतदान संपून तीन दिवस झालेले. वॉलेट नोटिफिकेशन देतं पण जाहिरातींना कंटाळून ती मी बंद केलीत. उबंटू वापरतो, टर्मिनलची भीती नाही. गायाडी (हबचा प्रोग्रॅम) बिल्ड केलं, एरर एकही नाही, आणि चालवायला गेलो तर 'कमांड नॉट फाउंड'. चालू मतदान रोज सकाळी आपोआप दिसेल असं काही करता येईल का? (सांगली)

वरातीमागून घोडं, दुसरं काय! पण तू एकटा नाहीस. हबवर मतदान चौदा दिवस चालतं, आणि चौदा दिवस म्हणजे 'बघू उद्या' म्हणायला भरपूर वेळ, तोच घात करतो. आणि तू मत दिलं नाहीस म्हणून तुझं मत फुकट गेलं असंही नाही बरं का, ज्या व्हॅलिडेटरकडे (चेन चालवणाऱ्याकडे) तुझे अ‍ॅटम आहेत त्याने जे मत दिलं तेच तुझ्या नावावर मोजलं गेलं. तू स्वतः दिलंस तर तुझ्या वाट्यापुरतं त्याचं बाजूला पडतं. म्हणजे बघायचंय ते इतकंच नाही की मतदान चालू आहे का, आपला माणूस आपल्या वतीने काय बोलून आला तेही बघायचंय.

आधी ते कमांड नॉट फाउंड. गायाडी गो भाषेत लिहिलंय. 'मेक इन्स्टॉल' केलं की बायनरी तुझ्या होम फोल्डरातल्या गो फोल्डरात, त्याच्या आतल्या बिनमध्ये जाऊन बसते आणि हा रस्ता शेलच्या पाथमध्ये नसतो. डॉट बॅशआरसी फाइलमध्ये पाथला तो जोडणारी एक ओळ टाक, टर्मिनल बंद करून परत उघड. झालं.

पण खरं सांगू का, तुला गायाडी नकोच आहे. तो अख्खा नोड (चेनचा संगणक) चालवायचा प्रोग्रॅम आहे, चेन अपग्रेड झाली की त्याच्याही मागे धावायचं, आणि तुला तर नुसतं वाचायचंय. वाचायला कर्ल (पत्त्यावरून माहिती आणतो) आणि जेक्यू (त्यातलं हवं ते वेचतो) पुरतात, दोन्ही 'अ‍ॅप्ट इन्स्टॉल'ने मिनिटभरात येतात. कॉसमॉसच्या नोडला एक रेस्ट दरवाजा, म्हणजे वेबपत्त्याने माहिती विचारायची सोय, असतो (स्वतःचा नोड असेल तर पोर्ट १३१७, बाकी सार्वजनिक पत्ते एचटीटीपीएसवर मिळतात). पत्त्याच्या पुढे स्लॅश देत देत कॉसमॉस, गव्ह, व्ही१, प्रपोजल्स असं लिहायचं आणि शेवटी प्रश्नचिन्ह देऊन प्रपोजल अंडरस्कोर स्टेटस बरोबर २. दोन म्हणजे मतदान चालू. एक म्हणजे अजून डिपॉझिट (प्रपोजलची अनामत) गोळा होतंय, तीन पास, चार नापास, आणि पाच म्हणजे पास झालं पण अंमलात आणताना फसलं. जे येईल ते जेक्यूला पाइप कर आणि आयडी, टायटल आणि व्होटिंग एंड टाइम एवढंच छापून घे.

आता रोज तेच तेच दिसायला नको म्हणून 'पाहिलेले' नावाची एक साधी फाइल ठेव. आलेला प्रत्येक आयडी त्यात ग्रेपने शोधायचा, नसला तर कळवायचं आणि फाइलच्या तळाशी जोडायचं. ग्रेपला हायफन क्यू एक्स दे, त्यातला एक्स महत्त्वाचा, म्हणजे अख्खी ओळ जुळली तरच सापडलं म्हणेल. मी एक्स न देता दोन चेनचे आयडी एकाच फाइलमध्ये कोंबले होते. हबचा ८४८ आधीच लिहिलेला, दुसऱ्या चेनवर ८४ आला, ग्रेप म्हणाला हा तर पाहिलाय, आणि मी गप्प. आता प्रत्येक चेनची वेगळी फाइल.

आणि सगळ्यात वाईट चूक तर ही: ज्या सार्वजनिक पत्त्यावर मी विचारत होते तो एक दिवस बंद पडला, उत्तरात काहीच येईना, आणि माझी स्क्रिप्ट रोज सकाळी शांतपणे सांगायची की 'चालू मतदान नाही'. दहा दिवस! विचारता आलं नाही आणि विचारलं पण काही नाही, या दोन गोष्टी स्क्रिप्टला वेगळ्या कळल्या पाहिजेत. कर्लला हायफन एफ दे, सर्व्हरने एरर दिला तर तो शून्य सोडून दुसरा कोड देऊन बाहेर पडतो, मग दुसरा पत्ता विचार आणि तोही पडला असेल तर तसं ओरडून सांगायला लाव.

प्र. हाताने चालवली की स्क्रिप्ट झकास चालते, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत) टाकली की काहीच होत नाही. लॉगची फाइलसुद्धा तयार होत नाही. (नाशिक)

लॉगच्या फाइलच्या नावात तारीख घातली असणार, डेट अधिक टक्का एफ करून? क्रॉनटॅबमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, तिथेच तुमची कमांड तुटते. टक्क्याच्या आधी बॅकस्लॅश द्या, किंवा तारखेचं काम स्क्रिप्टच्या आत न्या, ते बरं. दुसरं म्हणजे क्रॉनला तुमची बॅशआरसी माहीत नसते, त्याचा पाथ अगदी आखूड, म्हणून होममध्ये कुठेतरी ठेवलेली बायनरी पूर्ण रस्ता देऊनच बोलवायची. आणि नोटिफाय-सेंडने डेस्कटॉपवर फुगा काढत असाल तर क्रॉनमधून तो बहुतेक वेळा निघत नाही, त्याला तुमच्या सेशनचा पत्ता लागत नाही. टेलिग्राम बॉट करून कर्लने मेसेज पाठवणं सोपं. बॉटचा टोकन स्क्रिप्टमध्ये लिहू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि तिला सीएचमॉड ६०० करा.

सकाळी सातला लॅपटॉप झाकलेला असेल तर क्रॉन नंतर उठून ते काम करत बसत नाही, हेही लक्षात घ्या. घरात जुना रास्पबेरी पाय पडला असेल तर त्याला हे काम द्या, बिचारा दुसरं काय करतोय.

वेळेचं एक. एंड टाइमच्या शेवटी झेड दिसतो, म्हणजे ती यूटीसी आहे. आपल्याकडे साडेपाच तास पुढे धरा. रात्री आठची वेळ दिसली तर आपल्या घड्याळात ती उत्तररात्री दीडची असते आणि तारीखही बदललेली असते. लिनक्सवर डेट हायफन डी ही वेळ बदलून देतं, मॅकवर तोच हायफन डी तसा चालत नाही.

प्र. मी ६२ वर्षांचा, निवृत्तीनंतर हे शिकतोय. प्रपोजलची माहिती मागितली तर फायनल टॅलीमध्ये सगळीकडे शून्य येतं, एक्सप्लोररवर (चेनच्या नोंदी दाखवणाऱ्या वेबसाइटवर) मात्र लाखो मतं दिसतात. माझं काय चुकतंय? शिवाय पास-नापास नेमकं कसं ठरतं, तेही स्क्रिप्टने सांगावं असं वाटतं. (पुणे)

काका, तुमचं काही चुकलेलं नाही, नाव नीट वाचा, फायनल टॅली. मतदान चालू असेपर्यंत ती शून्यच राहते, संपल्यावर एकदाच भरतात. चालू मोजणीसाठी त्याच पत्त्यात प्रपोजल्सच्या पुढे आयडी आणि त्याच्या पुढे टॅली असं वेगळं विचारावं लागतं. येणारे आकडे मायक्रोअ‍ॅटममध्ये असतात, दहा लाखांनी भागा. आणि ते अवतरणचिन्हात, म्हणजे मजकूर म्हणून येतात, जेक्यूमध्ये टू-नंबर लावल्याशिवाय बेरीज करू नका, नाहीतर १२ आणि ५ ची बेरीज १२५ होईल.

आता पास-नापास. मतं चार प्रकारची: होय, नाही, व्हेटोसह नाही, आणि अ‍ॅब्स्टेन म्हणजे तटस्थ. गाळण्या तीन. पहिली कोरम, स्टेक केलेल्या एकूण अ‍ॅटमपैकी ४० टक्के मतदानात उतरले पाहिजेत. एकूण स्टेक किती ते स्टेकिंगच्या पूलला विचारायचं, त्यातलं बॉन्डेड टोकन्स घ्यायचं. (आपल्या सोसायटीच्या सभेसारखं कोरम नाही म्हणून अर्धा तास थांबून त्याच चार टाळक्यांत सभा उरकली, असं इथे चालत नाही.) दुसरी गाळणी व्हेटोची: झालेल्या सगळ्या मतांत, तटस्थ धरून, व्हेटो ३३.४ टक्क्यांच्या वर गेला की प्रपोजल गेलं, वर डिपॉझिटही जळतं. तिसरी, तटस्थ वगळून उरलेल्या मतांत होय निम्म्याच्या वर हवं.

गंमत या 'धरून' आणि 'वगळून'मध्ये आहे, आणि बहुतेकांच्या स्क्रिप्ट इथेच चुकतात. नोव्हेंबर २०२३ चं ८४८ नंबरचं प्रपोजल घ्या, अ‍ॅटमची कमाल महागाई २० वरून १० टक्क्यांवर आणायचं. होय पडलं ४१.१ टक्के. सरळ बघितलं तर निम्मंसुद्धा नाही, पण नाही आणि व्हेटो मिळून ३८.५ टक्के होते, बाकी तटस्थ. ४१.१ ला ७९.६ ने भागा, ५१.६ येतात, पास. याच्या उलट त्याच्या आदल्या नोव्हेंबरचं ८२ नंबर, ज्याला सगळे अ‍ॅटम २.० म्हणायचे. होय ४७.५१ टक्के, तटस्थ १३.२७. तटस्थ काढले तर होय जवळजवळ ५५ टक्के भरतं, म्हणजे पास व्हायला हवं होतं. पण व्हेटो ३७.३९ टक्के पडला आणि अख्खं प्रपोजल आडवं झालं. कागद-पेन घेऊन हे दोन हिशोब एकदा करा, मग स्क्रिप्टला करायला लावा, उत्तर जुळलं की स्क्रिप्ट बरोबर.

४०, ५० आणि ३३.४ हे आकडे मात्र स्क्रिप्टमध्ये कोरून ठेवू नका. तेही मतदानाने बदलता येतात. गव्हचे पॅराम्स विचारा, चेन स्वतःच सांगते. दुसऱ्या चेनवर मुदत चौदा दिवसांपेक्षा बरीच कमी असू शकते, आणि कॉसमॉस एसडीके (या चेन ज्यावर बांधतात ते सॉफ्टवेअर) याच्या ०.५० पासून तातडीच्या प्रपोजलची सोय आहे, त्याची मुदत आणखी आखूड. म्हणून आठवड्यातून एकदा बघणं पुरत नाही, रोज बघा.

प्र. टायटल आणि तारीख येते फोनवर, तेवढं वाचून मत देते. पुरेसं आहे ना? (फोंडा, गोवा)

नाही गं. टायटल कुणीही काहीही लिहितो. मोफत अ‍ॅटम वाटतोय म्हणून लिंक टाकलेली प्रपोजलंसुद्धा येऊन गेलीत, अशा लिंकवर जायचं नाही. बघायचं ते मेसेजेस नावाच्या भागात. कम्युनिटी पूलमधून (चेनच्या सामायिक निधीतून) पैसे मागितले असतील तर किती आणि कोणत्या पत्त्यावर हे तिथे स्पष्ट असतं, वरच्या निबंधात काहीही असो. तुझ्या अलर्टमध्ये टायटलच्या खाली मेसेजचा प्रकार, रक्कम आणि पत्ता या तीन गोष्टी जोड.

तरी एक सांगते, अपग्रेडच्या प्रपोजलमध्ये हेही पुरत नाही. तिथे मेसेजमध्ये असतं जेमतेम अपग्रेडचं नाव आणि ब्लॉकची उंची. जुनो नावाच्या चेनवर २०२२ मध्ये २० नंबरचं प्रपोजल पास झालं, एका बड्या खातेदाराचे सुमारे ३० लाख जुनो काढून समाजाच्या ताब्यातल्या पत्त्यावर न्यायचे. त्या वेळच्या भावाने साधारण ३ कोटी ६० लाख डॉलर. मतदान व्यवस्थित झालं, कोड चालला, आणि पैसे जाऊन पडले अशा जागी जिथे कुणाचाच हात पोचेना, कारण पत्त्याच्या जागी त्याच्या शेजारी लिहिलेला ट्रान्झॅक्शनचा हॅश (व्यवहाराची ओळखखूण) कॉपी-पेस्ट झाला होता. शंभरावर व्हॅलिडेटरांनी तो कोड चालवला, एकाच्याही लक्षात आलं नाही. टॉर्नेडो कॅशचं मे २०२३ चं प्रकरण तर मुद्दाम केलेलं, आधी पास झालेल्या प्रपोजलसारखंच हे आहे असं सांगून आत एक जास्तीचं फंक्शन लपवलेलं, पास झाल्यावर त्याच्या जोरावर कोडच बदलला. ती व्यवहार झाकणारी सेवा, कॉसमॉसवरची नाही, इथेरियम या वेगळ्या चेनवरची, पण खोड तीच. तेव्हा अपग्रेड दिसला की अलर्टमध्ये 'कोड बघ' असं मोठ्याने लिहून घे. स्वतः वाचता येत नसेल तर ज्याला येतो त्याला विचार, तटस्थ राहणंही मतच आहे.

प्र. एका ग्रुपवर मतदान दाखवणारी तयार स्क्रिप्ट मिळाली, ती सुरुवातीला चोवीस शब्दांचा सीड फ्रेज (वॉलेटची किल्ली) विचारते. देऊ का? (ठाणे)

अजिबात नाही! वाचायला किल्ली लागतच नाही, मतं सगळ्यांना उघडी दिसतात. तुमचं मत पडलं का हे बघायलाही नुसता पत्ता पुरतो. डिलीट करा, आणि आधीच देऊन बसला असाल तर आत्ता नवं वॉलेट काढून शिल्लक तिकडे हलवा. स्टेक केलेलं अनबॉन्ड (मोकळं) व्हायला २१ दिवस लागतात, ते लगेच सुरू करा आणि सुटण्याच्या क्षणी तयार राहा.

प्र. माझे अ‍ॅटम एक्सचेंजवर आहेत, मत देता येईल का? (न्यू जर्सी)

तुमच्या नावाने नाही. स्वतःच्या वॉलेटमधून स्टेक केलेलेच मोजतात.

प्र. संपलेल्या मतदानात माझ्या व्हॅलिडेटरने काय मत दिलं होतं ते शोधतोय, रिकामं येतं. (कोल्हापूर)

येणारच. मोजणी झाली की चेन एकेकाची मतं आपल्या चालू नोंदींतून पुसून टाकते, उरते ती एकूण बेरीज. जुनी मतं मग ट्रान्झॅक्शनमध्ये शोधावी लागतात, त्यासाठी जुना इतिहास राखलेला नोड किंवा एक्सप्लोरर पाहिजे. सोपा उपाय म्हणजे मतदान चालू असतानाच रोज आपल्या व्हॅलिडेटरचं मत विचारून तारखेसकट एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं. त्याचा व्हॅलिडेटरचा पत्ता नाही, खात्याचा पत्ता द्यायचा, कॉसमॉस१ ने सुरू होणारा. शेवटच्या दिवशी बदलतात काही जण, चेन मोजते ते शेवटचं मत, म्हणून शेवटच्या सहा तासांत क्रॉन दर अर्ध्या तासाला ठेवा.